आखूड बाजू

शेतांवरचे पंप सुरू झाले की यांच्या घरातला काटा खाली बसायचा. भिंतीवर एक जुना, तोंडाला काच असलेला व्होल्टमीटर होता. तो सुनेने माहेराहून आणलेला. तिच्या वडिलांचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी गुंडाळायची, हे काम बघत ही लहानाची मोठी झाली. सासरी येताना कपड्यांच्या पेटीत साड्यांखाली हा मीटर आणि तारेतला करंट मोजायचा एक चिमटा मीटर घेऊन आली, त्यावरून पहिलं वर्षभर तिची यथेच्छ चेष्टा झाली. आता चेष्टा करायची कुणाची टाप नव्हती. घरातला जो तो उठला की तोंड धुवायच्या आधी त्या काट्याकडे बघायचा.

"दीडशे," नवरा जांभई देत म्हणाला. "आज तर पहाटेपासूनच बसलाय मेला."

"जांभया नंतर द्या. खालचा ट्रे ओढा आधी," सून म्हणाली.

घर तसं दोन खोल्यांचं. त्यातली मोठी खोली मशीनची. मशीन म्हणजे काय, तर माणसाएवढं उंच लाकडी कपाट, आतून पत्रा ठोकलेला, मागच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्यापुढे पंखा, आणि एकावर एक दहा ट्रे. ट्रेमध्ये अंडी. दिवसातून चार वेळा दार उघडायचं आणि एकेक अंडं हाताने फिरवायचं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. अंडी फिरवून फिरवून तिघांच्याही बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि थंडीने वरून भेगा पडल्या होत्या. भेगेत पाण्याचा थेंब गेला की माणूस आईगं म्हणायचा, पण आतली पाण्याची ताटलीही कोरडी पडू द्यायची नसते. ऊब आणि ओल, दोन्ही सांभाळायचं. तान्ह्या पोराचं परवडलं, ते निदान रडून सांगतं.

सासूबाई वरच्या ट्रेपाशी स्टुलावर उभ्या होत्या. त्यांनी एक अंडं उचललं, उजवा डोळा मिटला आणि अंडं पापणीवर टेकवलं. सून आणि नवऱ्याने हात थांबवले. हे रोजचंच होतं, तरी सासूबाई अंडं डोळ्याला लावायच्या तेव्हा कुणी बोलत नसे. मशीन यायच्या कितीतरी आधीपासून त्या कोंड्यात आणि गोधडीत अंडी उबवत आल्या होत्या. तेव्हा ना मीटर होता ना थर्मामीटर. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला जे कळतं ते हाताला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आसपासच्या चार वस्त्यांतल्या बायका खुडूक कोंबडीबद्दल सुद्धा त्यांना विचारायला यायच्या.

"गार आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने थर्मामीटर पाहिला. पारा पस्तीसवर. हवा होता सदतीस आणि वर थोडा. म्हातारीचं बरोबर होतं, नेहमीप्रमाणे.

"या थंडीने तिसराही लॉट खाल्ला म्हणायचा," नवरा म्हणाला.

अंडी यांची नव्हती. ती ट्रेवाल्याची. तो टेम्पोतून ट्रे भरून अंडी आणून द्यायचा आणि पिल्लं घेऊन जायचा. मागचे दोन लॉट अर्धेमुर्धे निघाले. दुसऱ्या वेळी तो दारात उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, अजून एक लॉट देतो. तोही असाच निघाला तर मी माझे ट्रे उचलतो, वाईट वाटून घ्यायचं नाही." आणि ट्रे गेले की मशीन म्हणजे रिकामं कपाट. नवऱ्याला शहराबाहेरच्या मोठ्या उबवणी केंद्रात कामाला बोलावलं होतं. तिथे राहायचं, महिन्यातून एकदा घरी. तो स्वतःहून हा विषय काढत नसे. पण त्याने आपले बूट धुवून वाळत घातलेले सुनेने पाहिले होते. हा लॉट निघाला तर घर एकत्र राहणार होतं, नाहीतर नाही. इतकी साधी गोष्ट होती.

दुपारी सून वायरमनकडे गेली. डीपीजवळच्या टपरीवर तो चार जणांत बसला होता.

"दादा, व्होल्टेज दीडशे येतंय."

"सगळ्यांनाच दीडशे येतंय. तुम्हाला काय वेगळं देऊ?"

"मशीनमध्ये अंडी आहेत हो."

"मग मी येऊन बसू का त्यांच्यावर?"

टपरीवरचे सगळे फिदीफिदी हसले. चहावाला सुद्धा हसला, आणि मग तिच्याकडे बघून त्याने हसू आवरलं, ते तिला जास्त लागलं. वायरमन थोडा वरमला. "अहो, रान सुकतंय म्हणून सगळे एकदम पंप लावतात. तार तीच, डीपी तोच. माझ्या हातात काय आहे, सांगा. पंप बंद झाले की मिळतं की नाही पूर्ण?" तेही खरंच होतं. ती वळली. रस्त्याने येताना तिला वायरमनचा राग आला नाही, स्वतःच्या पायांचा आला. इतके जड झाले होते, उचलता उचलत नव्हते.

घरी आल्या आल्या तिने चिमटा मीटर काढला. नवऱ्याला कॉइलची मागची फळी खोलायला लावली. कॉइलच्या तारेला चिमटा घातला आणि खडू घेऊन मशीनच्या दारावरच लिहायला बसली.

"दीडशे व्होल्ट. करंट दोन पूर्णांक आठ. दीडशेला दोन पूर्णांक आठने भागा."

"मी भागू?" नवरा म्हणाला.

"राहू द्या, मीच भागते. साडेत्रेपन्न. म्हणजे ही कॉइल विजेला साडेत्रेपन्न ओहम अडवते. व्होल्टेज किती का असेना, ती तेवढंच अडवणार. आता गुणा. दीडशे गुणिले दोन पूर्णांक आठ. चारशे वीस वॅट."

"चारशे वीस!" नवरा हसला. "तरीच फसवतेय."

सासूबाई दाराशी बसून तुटकी अंडी निवडत होत्या. "कॉइल हजार वॅटची आणली होती ना?"

"हजाराचीच आहे, आई. पण दोनशे तीस व्होल्टला. तेव्हा करंट जातो चार पूर्णांक तीन. त्याचा आणि दोनशे तीसचा गुणाकार करा, हजाराला टेकतो."

"मग व्होल्टेज तिसरा हिस्सा कमी झालं, तर ऊब तिसरा हिस्सा कमी व्हायला हवी. ही तर निम्म्याहून खाली गेली. हा कुठला न्याय?"

"व्होल्टेज पडलं की करंटही पडतो. आणि ऊब म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन्हीकडून मार बसतो."

"दोन्हीकडून मार," सासूबाई म्हणाल्या. "मग कॉइल माझीच बहीण म्हणायची." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसल्या.

सून कॉइलकडे बघत राहिली. चिनी मातीच्या गिट्ट्यांवरून तार सात वेटोळ्यांत वरखाली गेली होती. वीज एका टोकाने शिरायची आणि सातही वेटोळी फिरून दुसऱ्या टोकाने निघायची. वडील जळक्या मोटारीसमोर असेच बसायचे, हातात काही न घेता नुसते बघत. गिऱ्हाईक वैतागायचं.

"तिसऱ्या वेटोळ्याला जोड दिला तर?" ती म्हणाली. "सातातली तीनच वापरायची. तेवीस ओहम राहतील. दीडशेला तेवीसने भागलं की साडेसहा अँपिअर. गुणिले दीडशे." खडू दारावर कुरकुरला. "नऊशे पंचाहत्तर. अहो, झालं की काम!"

"आणि पंप बंद होऊन पूर्ण व्होल्टेज आलं की?" नवऱ्याने विचारलं. तो वाटतो तितका गाफील नव्हता.

तिने तेही लिहिलं. दोनशे तीस भागिले तेवीस, दहा अँपिअर. दोनशे तीस गुणिले दहा, तेवीसशे वॅट.

"थर्मोस्टॅट आहे ना? तापलं की तोच बंद करेल," नवरा म्हणाला.

सुनेने थर्मोस्टॅट काढून उन्हात धरला. आत एक नखाएवढी पत्ती. ठरलेली ऊब झाली की ती उघडते आणि वीज तुटते, गार झालं की पुन्हा टेकते. बाजूला बारीक अक्षरांत सात अँपिअर कोरलं होतं. "साडेसहा चालतील. दहा गेले तर ही पत्ती वितळून चिकटेल. मग हा असून नसल्यासारखा. अंडी उकडून निघतील."

म्हणून तिने बटण लावलं. दोन्हीकडे पडणारं मोठं काळं बटण, वडिलांच्या सामानातलं. वर केलं की सातही वेटोळी, खाली केलं की तीन. घरात त्यांना लांब बाजू आणि आखूड बाजू असं नाव पडलं. व्होल्टमीटरच्या काचेवर एकशेसाठवर तिने लाल रंगाची रेघ ओढली. काटा रेघेच्या खाली असेल तरच आखूड बाजू. काटा रेघेच्या वर सरकला रे सरकला की बटण वर. मग जेवत असा, आंघोळीला असा, नाहीतर आणखी कुठे असा.

"आणि कुणी बघायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आळीपाळीने बघायचं. अंडी निघेपर्यंत."

झालं. त्या दिवसापासून घरातलं एक माणूस कायमचं त्या काट्याला बांधलं गेलं. पारा सदतीसवर आला आणि तिथेच राहू लागला, यात शंका नाही. पण काटा म्हणजे काही भिंतीवरचा फोटो नव्हे. कुणाचा पंप मध्येच बंद पडायचा, काटा रेघेपर्यंत यायचा, पुन्हा बसायचा. बघणाऱ्याची मान आखडायची. नवरा बघता बघता बसल्या जागी डुलायचा, आणि सून त्याला कोपराने ढोसायची. सून चुलीपाशी गेली की तिला वाटायचं काटा हलला, ती पीठभरल्या हातांनी धावत यायची आणि काटा तिथेच असायचा. घरातली मोटारही दीडशे व्होल्टला पाणी चढवत नव्हती, नुसती गुरगुरायची. त्यामुळे पाणी लांबच्या हापशावरून आणायचं, तेही हिच्याच डोक्यावर. नवरा-बायको एकमेकांशी तुटक बोलू लागली. भांडण असं नव्हतं, पण नीट बोलायलाही अंगात जोर लागतो.

सासूबाईंचा खोकला वाढला. सुनेने एकदा विचारलं, "आई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझी पाळी बघ."

त्यांनी हे इतक्या फणकाऱ्याने म्हटलं की सूनही चिडली आणि पुन्हा विचारायच्या भानगडीत पडली नाही. नंतर हे तिला पुष्कळ दिवस खात राहिलं.

एके सकाळी, उन्हं नुकती अंगणात आली होती, आणि काटा एकदम उसळी मारून दोनशे तीसवर गेला. लांब कुठेतरी पंपांची तार तुटली असणार, कारण सगळ्या रानातला गुरगुराट एका दमात थांबला. सुनेने बटण वर केलं. लांब बाजू. पारा बघितला, चोख सदतीस पूर्णांक सात. तिच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. नवरा कोंड्याची पोती आणायला गेला होता.

"आई, व्होल्टेज पूर्ण आहे. आता वायरमन तार जोडेपर्यंत काही हलत नाही. मी पाणी घेऊन येते. बटणाला हात लावायला नको. काटा पडलाच तर तेवढं खाली करा."

"जा गं बाई. मी काय आजच पहिल्यांदा अंडी बघतेय?"

हापशावर गर्दी होती. नंबर यायला वेळ लागला, पण आज तिला घाई नव्हती. पुष्कळ दिवसांनी ती बायकांशी दोन शब्द बोलली, कुणाच्या तरी नवऱ्याच्या घोरण्यावर हसली सुद्धा. दोन खेपांचं पाणी एकदम घेऊन, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी, अशी ती हळूहळू घरी आली.

दारातच वास आला. तापलेल्या लाकडाचा, आणि त्याखाली दुसरा एक, करपल्या पिसासारखा. कळशी कुठे ठेवली, हंडा कुठे आदळला, तिला कळलं नाही. तिने आधी मेन स्विच ओढला आणि मग मशीनचं दार उघडलं. तोंडावर भट्टीसारखी झळ आली. पारा बेचाळीसच्याही वर चढला होता. काटा दोनशे तीसवर होता, हलला नव्हता. आणि काळं बटण खाली होतं.

"आई!" ती ओरडली. "आई, आखूड बाजू कुणी लावली?"

सासूबाई मशीनच्या बाजूला गोधडीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले. "मीच लावली. अंडं गार लागलं गं डोळ्याला. दोनदा लावून बघितलं. बर्फासारखं गार. म्हटलं, तुझी लांब बाजू पुरत नाही."

"अहो, पण काटा…" ओंजळीने पाणी घेऊन सून ट्रेंवर शिंपडू लागली, पदराने वारा घालू लागली. वरच्या ट्रेमधलं अंडं हातात धरवत नव्हतं. खालची जरा बरी होती. सासूबाई उठायला गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. तेव्हा सुनेचं त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं. गाल लाल, डोळे पाणावलेले, ओठ कोरडे. ओल्या हातानेच तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला.

अंडी गार नव्हती. म्हातारी तापली होती.

"कधीपासून ताप आहे?"

"आहे थोडा. दोन-तीन दिवस."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगून काय केलं असतंस? माझी पाळी कुणी केली असती? तू तर उभ्या उभ्या झोपत होतीस." सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग उघड्या मशीनकडे, आणि त्यांना कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यात कुठल्याच अंड्याने त्यांना फसवलं नव्हतं. "मेली का गं सगळी?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"माहीत नाही," सून म्हणाली, आणि शिंपडत राहिली.

थर्मोस्टॅट उघडला तर पत्ती वितळून टेकल्या जागी चिकटली होती, तिने दारावर लिहिलं होतं अगदी तसंच. गणित बरोबर आल्याचा इतका वीट तिला कधी आला नव्हता.

नवरा आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "आखूड बाजू राहिलीच कशी?"

सासूबाईंना औषध देऊन सुनेने नुकतंच पांघरूण घातलं होतं. त्या जाग्या होत्या. "माझ्याच हातून राहिली," सून म्हणाली. "पाण्याच्या घाईत."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि तो पोती उतरवायला गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पांघरुणाखाली कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने डीपीजवळच्या भंगारातून जळक्या पंपाच्या स्टार्टरमधला स्विच आणला. वीस अँपिअरचा, जाड पत्तीचा. थर्मोस्टॅटची चिकटलेली पत्ती तिने सोडवून घासून घेतली. थर्मोस्टॅटने आता फक्त या स्विचला इशारा द्यायचा, कॉइलची वीज हा तोडणार. पूर्ण व्होल्टेजला मुद्दाम आखूड बाजू लावून तिने तपासलं. दहा अँपिअर गेले, पारा भराभर चढला आणि सदतीस सातला खट्ट करून वीज तुटली. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा पुन्हा तुटली. आता कुणी काहीही करो, अंडी भाजणार नव्हती. हे आधी सुचायला हवं होतं, असं तिने स्वतःलाच मोठ्याने सुनावलं.

अंडी फुटायचा दिवस आला. खालच्या ट्रेंमधून टकटक ऐकू आली आणि ओली, लडबडलेली पिल्लं बाहेर पडू लागली. तिघंही पालथी पडल्यासारखी ट्रेपाशी वाकली होती. वरच्या चार ट्रेंमध्ये मात्र टकटक झालीच नाही. सासूबाई ताप उतरून नुकत्या उठल्या होत्या. त्या वरचं एकेक अंडं कानाशी नेत होत्या आणि खाली ठेवत होत्या. बराच वेळ. शेवटी नवऱ्याने त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला.

ट्रेवाला दुपारी आला. पिल्लं पाहिली, वरचे ट्रे पाहिले आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"वहिनी, काय बोलू मी आता?"

सुनेने त्याला सगळं सांगितलं. लांब बाजू, आखूड बाजू, दारावरचे आकडे, नवा स्विच. बटण खालीवर करून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता.

"तुमचं बटण हुशार आहे, पण ते चुकीचं राहिलं कुणाच्या हातून?"

"माझ्या."

"बघा. बनवणाऱ्याच्याच हातून राहतं, तर मी कशाच्या भरवशावर अंडी देऊ?" त्याने टेम्पोकडे हात केला. "दादा, जरा हात लावा, ट्रे चढवू."

नवरा पुढे झाला. पहिली चळत उचलली. सून उभी राहिली होती तिथेच राहिली. तिला रडू येत नव्हतं, फक्त खाली बसावंसं वाटत होतं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "ती खोटं बोलतेय. बटण तिने नीट वर केलं होतं. मी खाली केलं. मला ताप होता. अंडं गार लागलं डोळ्याला, म्हणून काटा न बघता केलं. तिची काही चूक नाही. तिचं बटण चोख आहे."

नवऱ्याने चळत खाली ठेवली. सून म्हणाली, "आई, कशाला…"

"गप गं तू."

ट्रेवाल्याने बराच वेळ म्हातारीकडे बघितलं. त्याच्या आईच्या वेळेपासून त्या घरची अंडी हिच्याकडे येत होती. तो शब्द शोधत बोलला. "मावशी, तुमच्या पापणीवर आमचं घर चाललंय, मला ठाऊक आहे. पण आता वय झालं. वहिनी मशीन बघणार असतील तर मी ट्रे ठेवतो. पुढचा लॉट उद्या पाठवतो. मात्र तुम्ही त्या खोलीत जायचं नाही. अंड्याला हात लावायचा नाही. तेवढा शब्द द्या."

"आता त्याची गरजच नाही," सून घाईने म्हणाली. "तो नवा स्विच, मी दाखवला ना तुम्हाला. आता बटण कसंही पडलं तरी…"

"मला मशीनचं कळत नाही, वहिनी. माणसांचं कळतं."

तिला त्याला धरून पुन्हा मशीनपाशी न्यायचं होतं. पुन्हा बटण पाडायचं, पुन्हा दहा अँपिअर दाखवायचे. म्हणायचं होतं, की हिला बाहेर काढून तुमचं एक अंडंही जास्त वाचणार नाही. पण नवरा ट्रेच्या चळतीला हात लावून उभा होता. उचलायची की ठेवायची, याची वाट बघत. त्याचे धुतलेले बूट कोपऱ्यात होते. ती एवढी दमलेली होती की एक पूर्ण वाक्य तोंडातून निघेना. आणि खरं सांगायचं तर ट्रे राहत होते, हे तिने ऐकलं होतं. ती गप्प बसली.

"दिला," सासूबाई म्हणाल्या. "नाही जाणार."

ट्रे परत आत आले.

दुसऱ्या दिवशी लॉट आला. सकाळी पंप सुरू झाले. काटा बसला, सुनेने आखूड बाजू लावली आणि नवरा आणि ती अंडी फिरवू लागले. दोघांच्या हातांना आता तिघांचं काम होतं. सासूबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, खोलीकडे पाठ करून, शाल घट्ट ओढून. आज पुन्हा गारठा होता.

"किती आहे गं?" बाहेरून आवाज आला.

"दीडशे. आखूड लावलीय, आई."

"आणि आत?"

"सदतीस सात."

"हं."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा सून हातातलं अंडं ठेवून दाराशी गेली. तिला म्हातारीकडे बघायची लाज वाटत होती. "आई, थंडी आहे. आत या. नुसत्या बसा, ऊब आहे आत."

"नको."

"तो इथे बघायला बसलाय का?"

"तो नसेना. शब्द मी दिलाय ना." सासूबाईंनी मान वळवली नाही. "तू जा. दार उघडं टाकून उभी राहू नकोस, ऊब जाते."

सून आत आली. तिने दार लावून घेतलं आणि पुढचा ट्रे ओढला. त्यानंतर प्रत्येक ट्रे झाला की ती पारा बघायची आणि कुणी विचारायच्या आधीच, बाहेर ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात आकडा सांगायची.